हलका दोर, जड ओंडका

येरवड्यात झाड सहसा पाडता येत नाही, ते उतरवावे लागते. पाडायचे तर झाडाच्या उंचीइतकी मोकळी जागा हवी. शास्त्रीनगर, लक्ष्मीनगर, जेल रोडलगतच्या वस्त्या किंवा विमानतळ रस्त्याच्या आतल्या जुन्या सोसायट्या, यांत ती आता शोधून सापडत नाही. एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला महावितरणची तार, खाली लावलेल्या दुचाक्या आणि पत्र्याची छपरे. नगर रस्त्यावर आले की डोक्यावरून मेट्रोचा मार्ग. अशा बेचक्यात वाढलेला जुना वर्षावृक्ष किंवा आतून पोखरलेला गुलमोहर कलला, की हे वजन खाली कसे आणायचे असा पेच पडतो. त्यावर क्रेन मागवली जाते. क्रेन किती टनी हे सगळे विचारतात. तिच्या हुकाला झाड कशाने बांधणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या लेखात त्या मधल्या दुव्याचा, म्हणजे स्लिंगचा, आणि त्यातही कृत्रिम धाग्याच्या हलक्या स्लिंगचा आढावा घ्यायचा आहे.

आपली जुनी रीत अजून चालू आहे आणि ती टाकाऊ मुळीच नाही. वर चढलेला गडी फांदीला दोर बांधतो. दोराचे दुसरे टोक बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन खालचे दोघे-तिघे धरतात आणि फांदी सुटली की वेढ्यांच्या घर्षणावर तिला हळूहळू खाली सोडतात. पूर्वी काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर असे, आता नायलॉनचा असतो. शे-दीडशे किलोच्या फांदीपर्यंत कसबी हातांत ही पद्धत छान चालते. अडचण एवढीच, की सगळा भार शेवटी त्या झाडावरच येतो. धोकादायक ठरवून जे काढायला घेतले, त्याच्याच खोडावर भरवसा ठेवून त्याच्या फांद्या उतरवायच्या! शिवाय कापलेली फांदी अर्धा मीटर जरी मोकळी पडून दोराला अडकली, तरी बसणारा झटका तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो. धडधाकट चिंच तो पचवते, पोकळ गुलमोहर पचवेलच असे नाही, आणि त्याच गुलमोहरावर एक माणूस बसलेला असतो. क्रेन आली की भार झाडावरून निघून क्रेनवर जातो. तुकडा पडतच नाही, आधी उचलला जातो, मग बाजूला नेऊन ठेवला जातो. क्रेनचे मोल वेळ वाचण्यात आहे असे ठेकेदार सांगतात. माझ्या मते ते या भार हलण्यात आहे.

क्रेनबद्दल थोडक्यात. आपल्याकडे फोन केल्यावर तासाभरात येते ती हायड्रा. ती ओझे उचलून तसेच चालत नेते, अरुंद गल्लीत शिरते आणि भाड्यालाही परवडते. पण बारा टनी हायड्रा बारा टन उचलते ती बूम आखडून, ओझे अगदी पुढ्यात असताना. बूम लांब काढून कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या झाडाशी पोचेपर्यंत तो आकडा एक-दोन टनांवर येतो. ओझे घेऊन वळताना ती कलंडण्याचा धोका मोठा, म्हणून काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या आवारात हायड्रा वापरणे बंदच केले आहे. उंच झाडाला चारही जॅक लावून उभी राहणारी ट्रकवरची टेलिस्कोपिक क्रेन बरी. मात्र जॅकखाली घट्ट जमीन हवी, आणि येरवड्याच्या रस्त्यांखाली ड्रेनेजचे चेंबर, नुकतेच बुजवलेले चर आणि केबलचे खड्डे यांची दाटी आहे. डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला, नदीकाठच्या भुसभुशीत गाळात तर क्रेन उभी करण्याचा विचारच सोडावा लागतो.

आता हुकाखाली काय असते ते पाहू. बहुतेक वेळा वायर रोप, कधी साखळी, कधी लोखंडाच्या गोदामातून आलेला पॉलिस्टरचा पट्टा. हायड्रावाल्याच्या केबिनमागे जे लटकत असेल तेच झाडाला लागते. पोलादी तारेच्या दोराची ताकद वादातीत आहे. पण वीस मिलीमीटर जाडीचा वायर रोप मीटरला सुमारे १.६ किलो भरतो. सहा मीटरची एक स्लिंग दहा किलोंच्या घरात जाते, वर डी-शॅकलचे वजन वेगळे. एका हातात करवत, कमरेला दोर आणि पायाखाली हलती फांदी असताना हे दहा किलोचे ताठ, काटे निघालेले वेटोळे जाड फांदीभोवती फिरवून अडकवायचे. वरचा माणूस मग काय करतो? जिथे हात पोचतो तिथे बांधतो. बांधायला हवे तिथे बांधत नाही.

या विषयाची मेख मला इथेच दिसते. फांदीचा भार जिथे तोलला जातो ती जागा बहुधा बाहेरच्या बाजूला, पालवीकडे सरकलेली असते. तिथवर जाणे अवघड असते, म्हणून स्लिंग खोडाजवळ लागते. मग काप पुरा होताच फांदीचे शेंड्याकडचे टोक खाली झेपावते, बुंध्याकडचे वर उसळते, आणि उसळते ते बहुधा कापणाऱ्याच्या दिशेने. हलक्या दोराची जाहिरात पाठदुखी वाचवणारा म्हणून होते, ती खरीही आहे. पण त्याचा मोठा उपकार वेगळा आहे: तो माणसाला योग्य जागी बांधण्याची मुभा देतो. तेवढ्याच ताकदीचा आधुनिक कृत्रिम दोर मीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे सहा मीटरला सव्वा किलो. तो खांद्यावर टाकून वर नेता येतो. जागा चुकली तर सोडून पुन्हा बांधण्याचा कंटाळा येत नाही. एका फांदीला दोन ठिकाणी बांधून ती आडवी, तोललेली उचलता येते.

कृत्रिम म्हटले की सगळे एकाच माळेत ओवायचे कारण नाही. नायलॉन ताणला की बराच लांबतो. झटका पचवायला हा गुण, पण क्रेनच्या कामात ओंडका रबरासारखा झोके घेऊ लागतो. शिवाय भिजलेल्या नायलॉनची ताकद काही प्रमाणात घटते, आणि आपल्याकडे झाडे काढण्याची घाई नेमकी पावसाळ्यात होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पुण्यात जे झाले ते आठवावे. गिर्यारोहणाचा दोरही याच कारणाने नको. तो पडणाऱ्या माणसाला अलगद झेलण्यासाठी मुद्दाम लवचिक केलेला असतो, ओझे उचलण्यासाठी नव्हे. पॉलिस्टर कमी ताणतो, भिजून बिघडत नाही, उन्हाला टिकतो आणि खरखरीत सालीवर चांगला बसतो. चपट्या पट्ट्याच्या आणि कापडी आवरणातल्या गोल स्लिंगच्या रूपात तो चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सर्रास दिसतो. त्याचे रंगही ठरलेले आहेत: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. माझे मत विचाराल तर पुण्यातल्या झाडांच्या निम्म्याहून अधिक कामांना पॉलिस्टरची गोल स्लिंग पुरेशी आहे. ती इथे मिळते, स्वस्त आहे आणि तिचा रंग न वाचताही बोलतो.

तिसरा आणि सगळ्यात हलका प्रकार म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचा दोर. बाजारात तो एचएमपीई म्हणून किंवा डायनीमा या व्यापारी नावाने ओळखला जातो. हा धागा पाण्याहून हलका, पाणी न पिणारा आणि वजनाच्या मानाने पोलादाच्या कित्येक पट ताकदीचा. बंदरात मोठी जहाजे बांधायला आणि खोल समुद्रातल्या मासेमारीला तो वापरात आहे. तो परदेशातून मागवावा लागतो असा समज असेल तर तो सोडावा. १९७६ साली सुरू झालेली आणि २०१८ पासून गरवारे टेक्निकल फायबर्स म्हणून ओळखली जाणारी गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी पुण्याचीच, चिंचवड आणि वाईला तिचे कारखाने. समुद्रावर तिचे दोर सर्वदूर पोचले, घराजवळच्या वर्षावृक्षापर्यंत अजून फारसे आलेले नाहीत.

या दोराची एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. त्याला गाठ मारायची नाही. निरगाठ मारा की सुरगाठ, धागा इतका निसरडा की गाठ सरकते, आणि सरकली नाही तरी दोराची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद खाऊन बसते. म्हणून टोकाला डोळा विणतात. बारा पेडांचा हा दोर आतून पोकळ असतो. टोकाची शेपटी दाभणासारख्या सळईने त्याच्याच पोटात ओवायची. किती? दोराच्या जाडीच्या सुमारे बहात्तर पट, म्हणजे बारा मिलीमीटरच्या दोराला जवळपास ८६ सेंटीमीटर. शेपटीचे पेड शेवटी एकेक करून कमी करत निमुळते करायचे, नाहीतर जाडी जिथे एकदम बदलते तिथेच दोर तुटतो. मग वरच्या पेडांचे आवरण हाताने ओढून सारखे करायचे. भार आला की बाहेरचा दोर आतल्या शेपटीला आवळतो. जितका भार जास्त तितकी पकड घट्ट. असा नीट विणलेला डोळा दोराची बहुतेक सगळी ताकद राखतो. शेपटी वीतभरच ओवली, तर तो डोळा बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो आणि पहिल्या खऱ्या ओझ्याला निसटतो. म्हणून कारखान्यातून चाचणी होऊन, क्षमतेची पट्टी शिवून आलेली स्लिंगच घ्यावी. हौसेने विणलेली नको.

हिशेबाकडे वळतो, कारण दोर कितीही चांगला असला तरी वजनाचा अंदाज चुकला की सगळेच चुकते. ओले लाकूड घनमीटरला साधारण आठशे ते अकराशे किलो भरते. साठ सेंटीमीटर व्यासाचा, चार मीटर लांबीचा ओंडका १.१ घनमीटरचा होतो, म्हणजे टनाच्या आसपास. व्यास साठचा ऐंशी झाला तर डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, वजन मात्र पावणेदोन पट होते. त्यात पालवी, पाऊस पिऊन जड झालेली साल आणि वडाच्या पारंब्या यांची भर घाला. दुसरे गणित कोनाचे. एक टनाची फांदी दोन स्लिंगांनी उचलली तर प्रत्येकीवर अर्धा टन, असे वाटते. तसे फक्त दोन्ही सरळ उभ्या असतील तरच होते. स्लिंग जमिनीशी साठ अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येकीवर सुमारे ५८० किलो येतात, पंचेचाळीस अंशांना ७१० आणि तीस अंशांना पुरा एक टन. जवळच्या हुकाला लांबची फांदी टांगायच्या नादात हा कोन नकळत पसरत जातो. तिसरे गणित फासाचे. झाडाला स्लिंग बहुतेक वेळा फास टाकूनच लागते आणि फासात तिची क्षमता उभ्या भाराच्या पाऊण ते चार-पंचमांशच धरायची असते. सुरक्षेची पटही ठरलेली आहे: वायर रोपला सहसा पाच, युरोपीय मानकात कृत्रिम पट्ट्याला सात. पंचवीस टनांना तुटणारा दोर सातपट राखून वापरायचा तर साडेतीन टनांचा झाला, फासात पावणेतीनचा. ‘पंचवीस टनी दोर आहे साहेब’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यातून हाच फरक गळालेला असतो.

कापण्याच्या क्षणी क्रेनवाला आणि करवतवाला यांचे जमायला हवे. काप सुरू होण्याआधी क्रेनने अंदाजलेल्या वजनाइतका ताण घेऊन ठेवायचा. कमी घेतला तर तुकडा बसतो, करवतीची पट्टी चिमटते. जास्त घेतला तर काप पुरा होण्याआधीच लाकूड उभे फाटते आणि तुकडा वर उसळतो. पोलादी आणि पॉलिइथिलीनचे दोर फारसे ताणत नाहीत, त्यामुळे ताण घेतला की तो लगेच लागतो, हा त्यांचा फायदा. पण चूकही लगेच लागते. यासाठी दोघांना एकमेकांचे दिसले किंवा ऐकू आले पाहिजे. चेनसॉच्या आवाजात ‘घे, घे’ म्हणून ओरडण्यावर आपल्याकडे हे काम चालते. मधे उभा राहून हातवारे करणारा एक जाणता माणूस किंवा साधे वॉकीटॉकी ही काही चैन नव्हे.

आता हलक्या दोराचे दोष, कारण विकणारे ते सांगत नाहीत. सगळ्यात मोठा दोष म्हणजे उष्णता. पॉलिइथिलीनचा हा धागा १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो, भजी तळायचे तेलही याहून तापलेले असते. सत्तर अंशांच्या वर त्याला भार देऊ नये असे निर्मातेच सांगतात. भाराखाली फास सरकला, खरखरीत सालीवर घासला, तर घर्षणाने धागे चिकटून काचेसारखे कडक होतात. चेनसॉचा तापलेला सायलेन्सर क्षणभर टेकला तरी तेच. पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून या बाबतीत तो सरस. दुसरा दोष निसरडेपणा. निलगिरीची साल सुटून येते, सिल्व्हर ओकचे खोड सरळसोट असते. तिथे एकाच फासावर विसंबू नये. दोन वेढे द्यावेत किंवा स्लिंग बेचक्याच्या खाली लावावी. तिसरा दोष धूळ. काळ्या दगडाचे बारीक कण पेडांत शिरले की दोर आतून झिजतो, बाहेरून नवा दिसतो. वडाचा चीक ते कण आणखी पकडून ठेवतो. आणि करवतीपुढे तर काही बोलायलाच नको. वायर रोपला करवतीची साखळी लागली तर दात जातात, दोर बहुधा टिकतो. कृत्रिम दोर डोळ्याचे पाते लवायच्या आत तुटतो. म्हणून काप आणि स्लिंग यांच्यात हातभर अंतर राखावे आणि कापाच्या रेषेत स्लिंगचे लोंबते टोक कधीच येऊ देऊ नये. या दोषांमुळे मी पोलाद मोडीत काढा असे म्हणणार नाही. जमिनीवर पडलेला, चिखलाने माखलेला, दगडावर घासणारा बुंधा ओढायला साखळीच बरी. हलकी स्लिंग उंचावरच्या कामाची.

कायदा याबाबत जवळपास गप्प आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. झाड तोडायचे की नाही, परवानगी कोणाची, बदल्यात किती झाडे लावायची हे तो ठरवतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. वृक्ष प्राधिकरणापुढे अर्ज येतो, फलक लागतो, हरकती येतात. पण परवानगी मिळाल्यावर ते झाड कोणी, कशाने, कोणत्या तपासलेल्या साधनाने उतरवायचे, याला त्या कागदावर जागा नाही. कारखान्यात उचल-साधनांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने बंधनकारक केले. तोच पट्टा कारखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावरच्या झाडाला लागला की त्याला कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी उचलायच्या स्लिंगांची तपासणी साधारणपणे दर सहा महिन्यांनी करावी लागते, मग ती कारखान्यात असो की झाडावर. अमेरिकेत वृक्षकामासाठी झेड१३३ नावाचे स्वतंत्र सुरक्षा मानक आहे आणि त्यात क्रेनचाही विचार केलेला आहे. तिकडे तर आता क्रेनच्याच टोकाला पंजा आणि करवत बसवून, माणूस वर न चढवता झाड उतरवण्याकडे कल आहे. मग स्लिंगचीही गरज उरत नाही. त्या यंत्राची किंमत आणि आपल्या गल्ल्यांची रुंदी पाहता येरवड्यात ते येईल तेव्हा येईल.

एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. झाड काढणे सोपे, सुरक्षित आणि स्वस्त झाले तर झाडे अधिक जातील, असे झाडांसाठी लढणारे म्हणतात. नदीकाठ सुधार प्रकल्पात झाडे जाणार म्हणून २९ एप्रिल २०२३ रोजी ‘चलो चिपको’ म्हणत पुणेकर रस्त्यावर उतरले होते. बंडगार्डनपासून मुंढव्यापर्यंतचा काठ येरवड्याला लागूनच आहे, त्यामुळे ही भीती इथे पोकळ नाही. पण हलक्या स्लिंगची आणि क्रेनची जोडी तोडीइतकीच छाटणीच्याही कामाची आहे. आज एक जड, वाळलेली फांदी धोकादायक झाली की ती उतरवता येत नाही म्हणून अख्खे झाडच धोकादायक ठरते. ती एकच फांदी योग्य जागी बांधून, तोलून उचलता आली तर उरलेले झाड राहते. येरवडा कारागृहातल्या ज्या आंब्याशी २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराची आठवण जोडली जाते, तसल्या झाडाची फांदी उद्या उतरवायची वेळ आली तर कुऱ्हाड आणि ओढाताण कोणालाच चालणार नाही. डेक्कन कॉलेजच्या आवारातल्या जुन्या झाडांनाही हेच लागू आहे. पुनर्रोपणातही तेच. पोलादी दोराने साल सोलून निघालेले झाड नव्या खड्ड्यात उभे राहिले तरी जगण्याची आशा कमी, कारण अन्नरस सालीलगतच वाहतो. रुंद, मऊ पट्टा तिथे सक्तीचाच असायला हवा.

खर्चाचे म्हणाल तर स्लिंगचा खर्च क्रेनच्या भाड्यापुढे फार नाही. महाग असते ते थांबणे. क्रेन तासावर किंवा पाळीवर असते, ठेका झाडामागे असतो, त्यामुळे वजन मोजण्यात, कोन पाहण्यात, पुन्हा बांधण्यात गेलेला प्रत्येक क्षण ठेकेदाराच्या खिशातून जातो. ही गाठ निविदेत सोडवता येईल. उद्यान विभागाच्या आणि सोसायट्यांच्या कामाच्या कागदात चार ओळी घालाव्यात: स्लिंगवर क्षमतेची पट्टी असावी, वर्षातून दोनदा तपासलेली असावी, क्रेनचा भारतक्ता जागेवर असावा आणि जाणत्या सिग्नलमनची मजुरी वेगळी धरलेली असावी. पाचवी ओळ बाद झालेल्या स्लिंगसाठी. चिकटलेले धागे, कडक झालेला भाग, तुटलेले पेड किंवा गायब झालेली पट्टी दिसली, की ती मुकादमासमोर मधोमध कापून दोन तुकडे करायची. अख्खी टाकली तर ती भंगारातून दुसऱ्याच्या हायड्रावर जाते.